वाइडबँड सेन्सर लावताय? आधी तो मरतो कशानं ते समजून घ्या

मागच्या कापसाच्या हंगामात तळेगावकडचा एक पोरगा आर्वीला माझ्या गॅरेजवर आला. जुनी जिप्सी, छोटा टर्बो, स्टँडअलोन ईसीयू (म्हणजे हवा तसा सेट करता येणारा इंजिनचा वेगळा कॉम्प्युटर), डॅशबोर्डवर वाइडबँडचं, म्हणजे धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरचं, गोल गेज. गेजवर आकड्याच्या जागी एरर. "भाऊ, हे सेन्सर बोगसच येऊन राहिले. सहा महिन्यांत तिसरा उडाला," म्हणाला. मी गाडी रॅम्पवर घेतली. सेन्सर धुराच्या पाइपाच्या खालच्या बाजूनं वर तोंड करून बसवलेला होता, टर्बोपासून वीतभर अंतरावर, आणि त्याचा करंट थेट चावीवरून घेतलेला. सेन्सर बोगस नव्हते. तीनही चांगले सेन्सर त्या एका जागेनं आणि त्या एका वायरनं मारले होते.

गाड्यांच्या कामात नवीन असलेल्यांसाठी हा लेख आहे. सेन्सर कसा निवडायचा, कुठं बसवायचा, जोडायचा कसा, आणि तो खरं सांगतोय की नाही हे कसं तपासायचं, ते क्रमानं सांगतो. बसवण्याचा भाग मोठा झालाय, कारण सेन्सर किती जगणार हे बहुतेक वेळा तिथंच ठरतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. रस्त्यावरच्या गाडीत मोठे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं आहे. आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. टर्बो बसवलेली गाडी शेतावर किंवा बंद ट्रॅकवर चालवणं वेगळं, आणि तीच घेऊन अमरावतीला लग्नाला जाणं वेगळं.

आधी, हा सेन्सर करतो काय

कंपनीच्या साध्या ओटू (ऑक्सिजन) सेन्सरला फक्त दोनच गोष्टी कळतात: मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (हवा जास्त). ०.४५ व्होल्टच्या अलीकडे-पलीकडे तो उड्या मारतो. बॉशनं असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा दिला. रोजच्या गाडीला तेवढं पुरतं. पण टर्बोवर फुल थ्रॉटल दिल्यावर मिश्रण किती रिच आहे हे त्याला सांगता येत नाही, आणि ट्यूनिंग करताना नेमकं तेच हवं असतं.

वाइडबँडच्या आत झिर्कोनियाची सिरॅमिक पट्टी असते. तिच्यात एक बारीक पोकळी आणि तिथं धूर शिरायला एक बारीक वाट. कंट्रोलर, म्हणजे सेन्सर चालवणारा डबा, त्या पोकळीतला ऑक्सिजन आत-बाहेर पंप करून कायम एका ठरावीक पातळीवर ठेवतो. त्यासाठी किती करंट लागला, यावरून लॅम्बडा कळतो: मिश्रण बरोबर असेल तर तो १, रिच असेल तर त्याखाली, लीन असेल तर वर. लीन धुरात करंट एका दिशेनं जातो, रिचमध्ये उलट दिशेनं, आणि लॅम्बडा बरोबर १ असताना तो शून्य असतो. हे शून्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

हे सगळं चालायला पट्टी तापलेली लागते. बॉशच्या एलएसयू ४.९ या वाइडबँडला सुमारे ७८० अंश, जुन्या ४.२ ला ७५०. आत हीटर असतो तो यासाठीच.

सेन्सर निवडताना

तुमचा कंट्रोलर कोणत्या सेन्सरसाठी बनलाय ते पाहा आणि तोच घ्या. कंट्रोलर पट्टीचं तापमान तिच्या रेझिस्टन्सवरून ओळखतो: ४.२ चा रेझिस्टन्स ८० ओहम, तर ४.९ चा ३०० ओहम धरलेला असतो. कनेक्टर कसाबसा जुळवून एकाच्या जागी दुसरा लावला तर तापमान चुकतं, आकडे चुकतात, आणि पट्टी जळूही शकते.

कंट्रोलर नव्यानं घ्यायचा असेल तर ४.९ वालाच घ्या, हे माझं ठाम मत आहे. जुन्या ४.२ ला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते, आणि ती वायरीच्या वाटेनं आत जाते. आपल्याकडं पावसाळ्यात पांदण रस्त्यावरून गाडी काढली की काळ्या मातीचा चिखल, तेल, पाणी सगळं त्या कनेक्टरवर बसतं. हवेची वाट बिघडली की आकडे सरकतात. ४.९ स्वतःपुरती तुलनेची हवा आतच पंप करून तयार करतो, म्हणून ही कमजोरी त्याच्यात राहिली नाही. चिखलात फिरणाऱ्या गाडीला हा फरक मोठा आहे. एनटीके या दुसऱ्या कंपनीचे वाइडबँडही चांगले असतात, पण त्यांना त्यांचाच कंट्रोलर लागतो.

बॉशच्या एलएसयूच्या कनेक्टरमध्ये एक छोटा रेझिस्टर असतो. कारखान्यात प्रत्येक सेन्सर मोजून, त्याच्या मापाप्रमाणं तो कापलेला असतो. म्हणूनच ४.९ ला वायरी पाच आणि कनेक्टरला पिना सहा. वायर आखूड पडली म्हणून कनेक्टर कापून दुसऱ्याचा जोडला, तर त्या सेन्सरचं माप त्याच्यापासून तुटलं. वायर वाढवायची असेल तर कंट्रोलरच्या बाजूनं वाढवा.

आणि नकली माल. मी स्वतः एकदा स्वस्त मिळतोय म्हणून एक घेतला. डबा हुबेहूब, आत सेन्सर भलताच. मोकळ्या हवेतही तो दर वेळी वेगळा आकडा दाखवायचा. बिल आणि परत घ्यायची हमी देणाऱ्याकडूनच घ्या. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

जागा: इथं घाई करू नका

टर्बो नसलेल्या गाडीत चारही सिलिंडरचा धूर जिथं एकत्र येतो त्याच्या पुढं, कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी. टर्बो असेल तर टर्बोच्या नंतर, निदान ६० ते ९० सेंटिमीटर दूर. टर्बोच्या आधी कधीच नको. तिथं उष्णता फार, शिवाय पाइपातल्या दाबानं आकडे फुगतात: रिच असेल तर आणखी रिच दिसतं, लीन असेल तर आणखी लीन. पाइपाच्या अगदी शेपटालाही नको, कारण आयडलिंगला बाहेरची हवा उलटी आत येते आणि गेज खोटं लीन दाखवतं.

उष्णतेच्या मर्यादा पाठ असू द्या. ४.९ ला धूर ९३० अंशांपर्यंत चालतो, त्याच्यावर थोडाच वेळ. पाना लागतो त्या षटकोनी भागाला ६०० अंश, वायर जिथून बाहेर पडते त्या रबराला २५०, आणि कनेक्टरला फक्त १२०. मे महिन्यात आपल्याकडं सावलीतच पारा ४५ च्या वर जातो. तापलेल्या डांबरावर उभ्या गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरला चिकटून कनेक्टर बांधला असेल तर त्याचं प्लास्टिक मऊ पडतं. कनेक्टर पाइपापासून लांब आणि उंचावर ठेवा. षटकोन फार तापत असेल तर लांब बंग (पाइपाला वेल्ड केलेली, सेन्सर बसतो ती आट्यांची कडी) घालून सेन्सर पाइपापासून थोडा वर उचलतात.

आता कोन. सेन्सर पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात, आडव्या रेषेपेक्षा कमीत कमी १० अंश वर, टोक खाली झुकलेलं. घड्याळाच्या भाषेत दहा ते दोनच्या मध्ये. बरोबर बारावर नको, तिथं गाडी बंद केल्यावर वर चढणारी सगळी उष्णता वायरीला लागते.

हा कोन कशासाठी? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. पाइप तापलेला असेल तोवर ते वाफ होऊन निघून जातं. थंड पाइपात ते दवासारखं साचतं. डिसेंबरच्या पहाटे कापूस वेचायला बाया निघतात तेव्हा पऱ्हाटीच्या पानांवर जसं पाणी असतं, तसंच पाइपाच्या आतल्या भिंतीवर असतं. खालून बसवलेल्या सेन्सरच्या टोकावर ते जमतं. मग हीटर पेटतो. लांब रोटीच्या तापल्या मडक्यावर कुणी ओंजळभर गार पाणी मारलं तर काय होईल, तेच पट्टीचं होतं. आतल्या आत तडा. बाहेरून सेन्सर नवाकोरा दिसतो.

बंग एम १८ गुणिले १.५ आट्यांचा, शक्यतो स्टेनलेसचा. वेल्डिंग करताना बंगात आट्यांचा बोल्ट किंवा मेलेला सेन्सर घट्ट बसवा, नाहीतर उष्णतेनं बंग वाकडा होतो आणि आटे बिघडतात. नवा सेन्सर लावून वेल्डिंग करू नका, हे सांगायची वेळ येऊ नये पण येते. बॅटरीची वायर आणि ईसीयूचा कनेक्टर आधी काढून ठेवा. वेल्डिंगला कुठं बारीक छिद्र राहिलं तर तिथून हवा आत ओढली जाते आणि गेज खोटं लीन दाखवतं. म्हणून पाइप थंड असताना शेपटाकडून ब्लोअरनं हवा भरून, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडा दिसला की पुन्हा वेल्डिंग.

सेन्सर हातानं फिरवत बसवा, मग ४० ते ६० न्यूटन मीटर. पाना २२ चा. आट्यांवरची ती राखाडी पेस्ट पुसू नका. कमी पडली तर तसलीच लावा, पण आट्यांवरच, टोकाला बोट लागू देऊ नका.

जोडणी

तळेगावच्या त्या पोराची दुसरी चूक इथली. त्यानं करंट चावीवरून घेतला होता. चावी ऑन करून गाणी ऐकत बसला की हीटर चालू, इंजिन बंद. मग इंजिन पेटवलं की साचलेलं पाणी उडून तापलेल्या पट्टीवर. करंट असा घ्या की इंजिन फिरत असतानाच मिळेल. फ्युएल पंपाचा रिले सोयीचा पडतो. पंपाच्या वायरीवर भार टाकू नका, त्या सिग्नलवर वेगळा रिले लावून बॅटरीवरून फ्यूजसकट घ्या. चांगले कंट्रोलर हीटर हळूहळू वाढवतात. पाइपात पाणी असण्याच्या काळात ४.९ च्या हीटरला २ व्होल्टपेक्षा जास्त देऊ नये, असं बनवणाऱ्याचंच सांगणं आहे. म्हणून "चालतोय का बघू" म्हणून हीटरच्या वायरी थेट १२ व्होल्टवर टेकवणं म्हणजे सेन्सर हातानं मारणं. त्याचा हीटर ७.५ व्होल्टच्या हिशेबानं बनलेला असतो.

याच्या उलट चूकही तेवढीच मोठी. कंट्रोलर बिघडला किंवा गेज काढून ठेवलं, आणि सेन्सर तसाच पाइपात राहिला. हीटर बंद, इंजिन चालू. थंड पट्टीवर काजळी बसते, ती जाळायला आत उष्णता नसते. थोड्याच दिवसांत बारीक वाट चोंदते. सेन्सरला करंट देणार नसाल तर तो काढा आणि बंगाला प्लग मारा.

अर्थिंग ईसीयूच्या अर्थिंगलाच जोडा. दुसरीकडं जोडलं तर गेज एक आकडा दाखवतं आणि ईसीयू दुसराच वाचतो. आणि उंदीर. सरकीच्या गंजीशेजारी गाडी उभी राहत असेल तर वायरीवर जाळीचं आवरण चढवा. दोन गाड्यांच्या सेन्सरच्या वायरी मी स्वतः कुरतडलेल्या पाहिल्यात.

पहिल्यांदा चालू करताना

काही कंट्रोलर मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन मागतात, काही मागत नाहीत. त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. करायचं असेल तर सेन्सर पाइपाबाहेर, गाडीपासून दूर, झाडाखाली. गॅरेजमध्ये बाजूला ट्रॅक्टर चालू असताना केलेलं कॅलिब्रेशन पहिल्या दिवसापासून चुकीचं.

गेज लॅम्बडावर ठेवा, एएफआरवर (हवा आणि पेट्रोलच्या वजनाच्या प्रमाणावर) नको. शुद्ध पेट्रोलला लॅम्बडा १ म्हणजे १४.७, पण आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, त्याला लॅम्बडा १ साधारण १३.५ ला पडतो. सेन्सर एएफआर मोजतच नाही, लॅम्बडा मोजतो. पुढचा गुणाकार गेजचा असतो. पोरं इंटरनेटवरचा १४.७ धरून मॅप (ईसीयूतला पेट्रोलचा तक्ता) बसवतात आणि गोंधळात पडतात. लॅम्बडा १ सगळ्या इंधनांना १ च.

तो किती जगेल, आणि कशानं लवकर जाईल

कंपनीच्या गाडीत, अनलेडेड पेट्रोलवर, अशा सेन्सरचं आयुष्य १,६०,००० किलोमीटर धरून बनवलेलं असतं. फेरफार केलेल्या गाडीत एवढी आशा धरू नका. माझ्या स्वतःच्या गाडीतला पहिला सेन्सर एक पावसाळाही टिकला नाही, मी तोही खालूनच बसवला होता. आत्ताचा चौथ्या वर्षात आहे. गाडी तीच, टर्बो तोच.

लवकर मारणाऱ्या गोष्टी अशा. रिच मिश्रण आणि त्याची काजळी. रिंगा गेलेलं, तेल पिणारं इंजिन. हेड गॅस्केट फुटून पाइपात जाणारं कूलंट. गॅस्केटला लावलेलं साधं सिलिकॉन: त्याची वाफ जळून सेन्सरवर पांढरी पूड बसते, म्हणून ट्यूबवर ओटू सेन्सरला सुरक्षित असं लिहिलेलंच घ्या. मँगनीज किंवा फेरोसीन असलेले ऑक्टेन बूस्टर. शिसं आपल्याकडं पंपावरच्या पेट्रोलमधून १ फेब्रुवारी २००० पासून गेलं, पण शर्यतीसाठी म्हणून डब्यात मिळणारं काहीही तपासल्याशिवाय टाकीत ओतू नका.

आणि धुणं. चिखल काढायला तापलेली गाडी थेट वॉशिंग सेंटरवर नेतात आणि खालून प्रेशरचा फवारा मारतात. अर्धा तास थांबा. सेन्सरवर आणि कनेक्टरवर पाइप रोखायचा नाही, हे धुणाऱ्याला आधीच सांगा.

मेलेला सेन्सर आणि खोटं बोलणारा सेन्सर

मेलेला सेन्सर एरर दाखवतो, गाडी थांबते, खर्च होतो, एवढंच. मला भीती दुसऱ्याची वाटते. बारीक वाट अर्धी चोंदली की ऑक्सिजन पंप करायला लागणारा करंट कमी होतो. करंट कमी म्हणजे आकडा १ कडं सरकलेला. लॅम्बडा बरोबर १ असतो तिथं करंट शून्यच, त्यामुळं आयडलिंगला गेज अगदी नवीन असल्यासारखं बरोबर दाखवतं. फसवणूक फुल थ्रॉटलला होते. खरं ०.७८ असताना ते ०.८३ दाखवेल. तुम्हाला वाटतं लीन झालं, तुम्ही पेट्रोल वाढवता, काजळी वाढते, वाट आणखी चोंदते. सिलिंडरची भिंत धुतली जाते, तेलात पेट्रोल उतरतं. "आयडलिंगला तर बरोबर दाखवते भाऊ," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी आधी सेन्सरच काढायला सांगतो.

म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मोकळ्या हवेची परीक्षा घ्या. सेन्सर काढून, करंट देऊन, गरम होऊ द्या. कंट्रोलर ऑक्सिजन दाखवत असेल तर २०.९ टक्के यायला हवा. चोंदलेला सेन्सर कमी दाखवतो. फक्त लॅम्बडा दाखवणाऱ्या गेजचा आकडा सेन्सर नवीन असताना लिहून ठेवा आणि त्याच्याशी ताडून पाहा. मी तो गेजच्या मागं कागदावर लिहून चिकटवतो.

चालत्या गाडीत एक सोपी खूण आहे. उतारावर, गिअरमध्ये, पाय पूर्ण सोडला की ईसीयू पेट्रोल तोडतो आणि पाइपातून नुसती हवा जाते. गेज झटकन लीनच्या टोकाला जायला हवं. रेंगाळत जात असेल तर सेन्सर म्हातारा झालाय. गेज अचानक लीन दाखवायला लागलं तर मात्र आधी सेन्सरवर आळ घेऊ नका. मिसफायर झालेल्या सिलिंडरचा न जळलेला ऑक्सिजनही लीनच दिसतो. प्लग, कॉइल आणि पाइपाची गळती पाहा, मगच पुढं.

काढलेला सेन्सर पेट्रोलनं किंवा कार्ब क्लीनरनं धुऊन, तारेच्या ब्रशनं घासून पुन्हा लावणारे मिस्त्री आहेत. त्यानं वाट मोकळी होत नाही, उलट पट्टीचं आवरण जातं. आणि त्या काही हजार रुपयांच्या सेन्सरच्या भरवशावर तुम्ही पूर्ण इंजिन ट्यून करत असता. परीक्षेत नापास झाला की बदला.

मॅप बसल्यावर गेज रोज लागत नसेल तर सेन्सर काढून डब्यात ठेवा, बंगाला प्लग मारा, आणि पुन्हा ट्यूनिंगच्या वेळी लावा. असा सेन्सर वर्षानुवर्षं पुरतो. पण ईसीयू त्याच सेन्सरवर मिश्रण सांभाळत असेल तर हे करू नका.

मेलेला सेन्सर फेकू नका. त्याची वायर मुळापासून कापा, षटकोनावर लाल रंग लावा म्हणजे घाईत कुणी चांगला समजून बसवणार नाही, आणि वेल्डिंगच्या पेटीत टाका. पुढचा बंग लावताना आटे सांभाळायला तोच लागेल.